चकणी पोरगी अन् मशीनवरचा चौकोन

टायपिंग शिकायला गेली अन् डोळे वाकडे करून आली, असं माझी माय शेवटपर्यंत सांगायची. त्यात थोडं खरं आहे, म्हणून मी कधी वाद घातला नाही.

शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट. वाशीमला मी मराठी टायपिंगच्या क्लासला जायचे. तिथल्या सरांनी नागपूरहून विज्ञानाचं एक मासिक आणलं होतं. त्यात नुसत्या ठिपक्यांचे दोन चौकोन शेजारी शेजारी छापलेले. डोळे ढिले सोडून पाहिलं की म्हणे त्यातून लपलेलं चित्र वर येतं. सर आठवडाभर पाहत बसले, त्यांना डोकेदुखीशिवाय काही मिळालं नाही. मला दुसऱ्याच दिवशी दिसलं, आणि मग मी कामातून गेले.

गंमत साधी आहे. आपले दोन डोळे एकच वस्तू जराशी वेगवेगळी पाहतात, अन् त्या फरकावरून मेंदू जवळ-लांब ठरवतो. तोच फरक कागदावर खोटा करायचा. मी तो मशीनवर केला. काना-मात्रा टाळून क, म, र, न, ह, द अशी एका फटक्यात उमटणारी अक्षरं घ्यायची. ओळीत कशीही वीस मारायची, दोन जागा सोडायच्या आणि तीच वीस पुन्हा मारायची. अशा सोळा ओळी. फक्त मधल्या आठ ओळींत, उजवीकडच्या नकलेत, मधली आठ अक्षरं एक घर डावीकडे सरकवायची. डावीकडचं एक अक्षर त्यात मरतं, उजवीकडे भोक पडतं, तिथं नवं अक्षर भरायचं. दोन्ही नकलांच्या डोक्यावर एकेक टिंब. कागद नाकाला लावून, जणू त्याच्या आरपार पलीकडचा लिंब पाहतोय असं पाहायचं, अन् हळूहळू मागं न्यायचा. दोन टिंबांची तीन झाली की थांबायचं. मधला चौकोन कागदावरून उठून उभा राहतो.

अशात अनसिंगचे पाहुणे मला पाहायला आले. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. बशीतला चहा त्यानं स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला अन् स्वतःच हसत सुटला. मला तो आवडला, स्पष्टच सांगते. त्याच्या आईनं विचारलं, "टायपिंग करते म्हंता, दाखव बरं काई." वहीत तोच एक कागद होता. मी दिला.

"हे काय लिवलं वो? काईच लागून नाई राह्यलं."

"वाचायचं नाही, पाहायचं असतं," मी म्हटलं, आणि मूर्खासारखा कागद नाकाला लावून दाखवला. चांगली दोन मिनिटं. खाली केला तेव्हा माझे डोळे अजून लिंबावरच होते अन् सगळे पाहुणे माझ्याकडे पाहत होते.

चौथ्या दिवशी निरोप आला: पोरगी चकणी हाये.

मायनं डोक्याला हात लावला. "तुले कोनं सांगतलं होतं नाक खुपसाले? काहून केलं असं?" मला रडू आलं. चकणी म्हटल्याचं नाही, स्थळ गेल्याचं. सदऱ्यावर चहा सांडून हसणारा माणूस पुन्हा कुठून आणायचा?

मग मी हिंमत केली. नवा कागद टाइप केला, खाली कसं पाहायचं ते लिहिलं, वर एक ओळ जोडली: "यात काय लपलं आहे ते दिसलं, तर माझे डोळे ठीक आहेत हे आईंना सांगावं." आणि थेट त्याच्या नावानं शाळेत पाठवला. तो कागद त्यांच्या घरी पोचल्यावर त्याच्या मामानं "कमर नद हक…" असं मोठ्यानं वाचून पोरीचं शुद्धलेखनही कच्चं ठरवलं, हे मला नंतर कळलं.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. मायनंच फोडलं अन् माझ्या हातात दिलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं: "मला अगदी स्पष्ट दिसलं. मधोमध बदाम आहे. तुमचे डोळे उत्तम आहेत, असं आईला सांगितलं. ती तयार आहे."

मी तर चौकोन मारला होता. सरळसोट, चार कोपऱ्यांचा. पठ्ठ्याला काडीचं काही दिसलं नव्हतं.

"काय म्हंते?" मायनं विचारलं.

"खोटं बोलून राह्यला," मी म्हटलं, "याच्याशीच करतो मी लगन."