एका चुलीचा साक्षीदार

रत्नाबाईंचं एक घर मी खाल्लं. 'खाल्लं' हा शब्द मी तोलून मापून वापरतोय. ते घर गेलं त्या क्षणी माझ्या तोंडात पुरणपोळी होती, ताटात दुसरी होती, आणि तिसरीला मी नको म्हणण्याचं नाटक करत होतो.

रत्नाबाई म्हणजे आमच्या हिच्या साड्यांना कुच्चू लावणाऱ्या बाई. पदराच्या टोकाच्या सुट्या धाग्यांना गाठी मारून जे गोंडे करतात, त्यांना बंगळुरात कुच्चू म्हणतात. कुच्चू नसलेली रेशमी साडी नेसून इथं लग्नाला जाणं म्हणजे दाढीला अर्धा साबण ठेवून मुलाखतीला जाण्यासारखं आहे. रत्नाबाई चामराजपेटेहून बसनं जयनगरात यायच्या, आमच्या गल्लीतल्या साड्या गाठोड्यात बांधून न्यायच्या आणि आठवड्यानं परत आणायच्या. त्यांचे आजेसासरे शिंपीकाम करायला इकडे आले. महाराष्ट्र रत्नाबाईंनी अजून पाहिलेला नाही. "तुम्ही टीव्हीतल्यासारखं बोलता, अण्णा," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव वाङ्मयीन दाद. शिवाय 'अण्णा' म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांच्याकडे गौरीजेवणाला जाऊ लागलो.

त्या राहायच्या नाल्याच्या काठावरच्या वस्तीत. एका पत्र्याखाली दोन बिऱ्हाडं होती, मधे आणखी एक उभा पत्रा. अलीकडे रत्नाबाई आणि त्यांची मुलगी श्वेता. नवरा श्वेता लहान असतानाच गेला होता. पलीकडे धाकटी जाऊ अहल्या, तिचा नवरा आणि दोन मुलं. पावसात नाला भेदभाव न करता दोन्हीकडे सारखाच यायचा. संडास वस्तीच्या टोकाला, त्याला पहाटे रांग. मात्र या दोन जावांचं जे सख्य होतं, तसं मी आमच्या कारखान्याच्या कॉलनीत चार खोल्यांच्या बंगल्यांमधेही पाहिलं नाही. अहल्या हुबळीकडची, तिच्या आमटीत गूळ. रत्नाबाईंच्या आमटीत तिखट. दुपारी पत्र्यावरून एक वाटी इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे जायची, आणि दोघी दुसरीच्या आमटीचं कौतुक करत जेवायच्या.

म्हणजे चुली दोन होत्या, हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. हे मी आधीच कबूल करून टाकतो.

आठ वर्षांपूर्वी वस्ती हलवून तिथल्या लोकांना सरकारी इमारतींत पक्की घरं द्यायची असं ठरलं आणि मोजणी सुरू झाली. मोजणीचा माणूस आमच्या गौरीपूजनाच्या दिवशी नेमका आला. त्याचा काही दोष नव्हता. कानडी लोकांची गौर गणपतीच्या आदल्या दिवशी येते आणि त्याच्या पाठोपाठ जाते. आमची गौर गणपती बसल्यावर सावकाश येते. त्याच्या घरची गौर कधीच बोळवून झाली होती, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं तो कामाचा साधा दिवस होता. आणि या घरातली पद्धत अशी, की वर्षाचे बाकीचे सगळे दिवस दोन चुली, पण गौरीचा स्वयंपाक थोरलीच्याच चुलीवर. त्या दिवशी अहल्याची चूल पुसून, हळदकुंकू लावून पत्र्याआड गप्प बसलेली होती.

दोघी आत पोळ्या लाटत होत्या, हात पिठात. बाहेर कुणी तरी कागद घेऊन उभं आहे म्हटल्यावर रत्नाबाई आतून म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प बघा हो कोण ते."

मी बघितलं. एखाद्यानं नुसतं बघितलं असतं.

त्या गृहस्थानं कानडीत विचारलं, "ओले एष्टु?" चुली किती? माझं कानडी भाजी आणि रिक्षा यांच्यापुरतं आहे. पण हा प्रश्न मला कळला आणि कळल्याचा आनंद झाला, हेच सगळ्याचं मूळ. मी पोळीचा घास गालात सारून म्हणालो, "ओंदे." एक. तेवढ्यावर थांबतो तो मी कसला. पुढं इंग्रजीतून मी त्याला एकत्र कुटुंबावर व्याख्यान दिलं. दोन सुना, एक चूल, आजकाल हे कुठं बघायला मिळतं, शहरातल्या आपल्या लोकांना या झोपडीतून केवढं शिकण्यासारखं आहे, वगैरे. त्यानं पुन्हा विचारलं, नेहमीच एक? मी म्हणालो, नेहमीच. बिचारा मधल्या पत्र्याकडे दोनदा बघत होता. पण पलीकडे जायचं तर गौरीसमोरून बूट घालून जावं लागलं असतं. देवाचा मान राखून तो दारातच थांबला. मग साक्षीदार म्हणून सही हवी, म्हणाला.

मी पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात गुणवत्ता निरीक्षक होतो. माझ्या सहीशिवाय साधी चकती कारखान्याबाहेर जात नसे, आणि केसाच्या दहाव्या भागाचा फरक असला तर मी ती परत पाठवत असे. त्या कागदावर मी पूर्ण नाव, हुद्दा आणि 'निवृत्त' असं लिहून झोकदार सही केली. त्याला कागदात बांधून एक पोळीही दिली.

वर्षभरानं यादी लागली तेव्हा नियम कळला. एक चूल म्हणजे एक कुटुंब, आणि एक कुटुंब म्हणजे एक घर. आजूबाजूला ज्या पत्र्याखाली दोन चुली लिहिल्या गेल्या, तिथं दोन-दोन घरं मिळाली होती. रत्नाबाईंच्या पत्र्याखालच्या सहा माणसांना एक मिळालं, घरातली थोरली बाई म्हणून रत्नाबाईंच्या नावावर.

ही म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

विचारलं होतं, हीच तर अडचण होती.

मी तीन पानी अर्ज लिहिला. त्यात परिच्छेदांना क्रमांक होते आणि भारतीय सण व दैनंदिन पाकव्यवस्था यांतला फरक समजावून सांगणारं एक परिशिष्ट होतं. तो घेऊन कचेरीत गेलो. तिथले अधिकारी सुब्बाराव म्हणून होते, फार सभ्य माणूस. त्यांनी मला बसवलं, कॉफी मागवली, अर्ज शेवटपर्यंत वाचला. माझा अर्ज शेवटपर्यंत वाचणारे ते पहिलेच. मग त्यांनी मोजणीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या सहीवर बोट ठेवून विचारलं, की यातलं खोटं कोणतं? हा कागद की तो? मोजणीचा कागद खोटा असेल तर तसं शपथेवर लिहून द्या, चौकशी होईल, कदाचित दुसरं घर मिळेलही. मात्र खोटी साक्ष दिल्याची कारवाई साक्षीदारावर होईल. "तुम्ही पेन्शनर आहात, सर," ते हळूच म्हणाले, "विचार करा."

मी कॉफी संपेपर्यंत विचार केला. कॉफी चांगली होती. अर्जाची घडी घालून मी खिशात ठेवली.

रत्नाबाईंना मी सांगितलं, की फाईल उघडली तर चौकशीत मिळालेलं घरही अडकेल, तुमच्याच भल्यासाठी मी पाऊल मागे घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं, फाईल खरंच अडकली असती. फक्त मी ज्याला भ्यालो ते वेगळं होतं, आणि ते मी हिलाही सांगितलं नाही.

रत्नाबाई म्हणाल्या, "सरी, अण्णा." बरं, एवढंच. आणि साड्या मोजून गाठोड्यात घातल्या.

तीन वर्षांनी घराचा ताबा मिळाला. शहराच्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागतं अशा ठिकाणी, चौथा मजला. आम्ही घर बघायला गेलो. आपण घर दाखवतो तेव्हा आधी हॉल दाखवतो. रत्नाबाईंनी आधी संडास दाखवला. दिवा लावला, नळ सोडला, बंद केला, आतून कडी लावून दाखवली. आतून कडी लागते, एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. श्वेता कॉलेजात जायला लागली होती. तिनं पहिल्यांदाच भिंतीला खिळा ठोकून आरसा लावला होता, आणि तो खिळा पलीकडच्या बाजूनं बाहेर आला नव्हता. पाऊस खिडकीबाहेर पडत होता आणि बाहेरच राहत होता. मला वाटलं, चला, शेवट गोड झाला. माझी भूक आणि माझं मत दोन्ही लवकर तयार होतात.

स्वयंपाकघरातला ओटा दीड हाताचा होता. एका पत्त्यावर गॅसही एकच. अहल्याचा नवरा यशवंतपूरच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गोणी उतरवायचा, त्याला पहाटेच डबा लागायचा, म्हणजे त्याआधी अहल्या उठणार, भांडी वाजणार, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात श्वेता झोपलेली. पहिले काही महिने दोघींनी पाळ्या लावल्या. मग पाळ्यांवरून बोलणी झाली. मग एकत्रच करू म्हणाल्या, आणि आमटी एका पातेल्यात आली. गुळाची की तिखटाची? दुसरीच्या घरची म्हणून जी वाटी इतकी वर्षं गोड लागत होती, तीच आपल्या पातेल्यात शिरल्यावर अहल्याच्या डोळ्यांत आणि रत्नाबाईंच्या कपाळावर दिसायला लागली. वेगळ्या चुलींमुळे त्यांचं एक घर टिकलं होतं. त्यातली एक चूल मी दारातल्या व्याख्यानात पुसून टाकली होती.

शेजारणींची दोन-दोन घरं अहल्या रोज जिन्यात बघत होती. कुणी तरी तिला विचारलं असणार, की मोजणीच्या दिवशी बोललं कोण? थोरल्या जावेच्या घरी जेवायला आलेला तिचा अण्णा. घर कुणाच्या नावावर झालं? थोरल्या जावेच्या. अहल्यानं बेरीज केली. कुणीही केली असती. एके दिवशी भरल्या ताटावरून ती रत्नाबाईंना म्हणाली, "अक्का, तुमच्या अण्णाला पोळी किती चारली हो, तेवढ्यात आमचं घर गेलं ते?"

हे मला रत्नाबाईंनी नाही, श्वेतानं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी अहल्या नवऱ्याला आणि मुलांना घेऊन बाजाराजवळ भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिथं टँकरनं पाणी येतं आणि संडासाला रांग आहे. म्हणजे वस्ती हलवल्यानं वस्तीतलं एक कुटुंब वर चढलं आणि एक दुसऱ्या वस्तीत उतरलं. सरकारी कागदात दोन्ही मिळून एकच असल्यामुळे हिशेबात ते चढलेलंच दिसतं.

रत्नाबाई जयनगरात येतात, पण महिन्यातून एकदा. बस बायकांना फुकट आहे, वाटेतले दोन तास तेवढे विकत घ्यावे लागतात. आमच्या गल्लीतल्या बायकांनी आता कोपऱ्यावरचं दुकान धरलंय. राहिली आमची ही. तिनं गेल्या आठवड्यात एक हिरवी साडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ही त्यांना नेऊन द्या, आणि या खेपेला तोंड उघडाल ते कामाचं बोलायला.

चार मजले चढून गेलो. रत्नाबाई घरात नव्हत्या, घराबाहेर सामाईक वऱ्हांड्यात चटई टाकून बसल्या होत्या. घरात खिडकीसमोर दुसरी इमारत उभी राहिल्यामुळे गाठी दिसण्याएवढा उजेड आता वऱ्हांड्यातच येतो. एका पदरावर हात चालू होते. मान वर न करता त्यांनी मला बसायला सांगितलं. आत ओटा स्वच्छ पुसलेला दिसत होता. अहल्या भेटते का, मी विचारलं. रत्नाबाई म्हणाल्या, मी गेले होते गौरीला बोलवायला, तिनं दार अर्धंच उघडलं. धाकटा पोर आतून मोठी आई म्हणून हाक मारत होता, त्याला तिनं गप्प केलं. एवढं सांगून त्यांनी धागा दातानं तोडला.

मग मी सांगितलं. सुब्बारावांनी काय विचारलं होतं ते, आणि मी फाईलसाठी नाही, पेन्शनसाठी अर्ज खिशात घातला होता ते. म्हणालो, पलीकडे नव्या इमारती उठतायत, त्यात घरं शिल्लक आहेत असं ऐकतो. मी आता शपथेवर लिहून देतो, की मी खोटी साक्ष दिली, उघडू दे ती फाईल पुन्हा. अहल्याला घर मिळेल किंवा नाही मिळणार, पण तुमचा यात हात नव्हता हे तिला कागदावर तरी दिसेल. मला काय व्हायचं ते होवो. बोलताना माझा आवाज जरा भरून आला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडलाही.

रत्नाबाईंनी हातातली गाठ पुरी केली, ओढून बघितली. उघड्या दारातून आत बघितलं, भिंतीवरच्या श्वेताच्या आरशाकडे, संडासाच्या दाराच्या कडीकडे. मग माझ्याकडे.

"तेव्हा भ्यालात ना अण्णा, मग आताही भ्या."