अन्वीच्या कार्डावरचं ‘नॉर्मल’

मी अन्वीच्या मागं उभी राहून जोरात टाळी वाजवली. ती लगेच वळली. “हिला ऐकू चांगलं येतंय,” मी तिच्या आईला, रोहिणीला म्हणाले. “सहा महिने वाट बघा. बोलेल.” कार्डावर ‘नॉर्मल’ लिहिलं आणि पुढचं मूल घेतलं.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अंगणवाड्यांत मुलं तपासणं हे माझं, डॉक्टर म्हणून, काम. त्या दिवशी आम्ही वडगाव रासाईला होतो. अन्वी दोन वर्षांची, पण तोंडात एकही शब्द नव्हता.

चार महिन्यांनी खुटबावच्या अंगणवाडीत गेलो, तर आमच्या गाडीच्या आधीच रोहिणी दारात उभी. खुटबाव तिचं माहेर. सासरी कुणी ऐकेना, म्हणून आमच्या तपासणीची तारीख शोधून काढून इथं आली होती.

“मॅडम, हिला ऐकूच येत न्हाई. तवा टाळीचा वारा मानेला लागला आसंल. मी पडद्यामागनं लई हाका मारून बघितल्या.”

अंगणवाडीताईंना अन्वीसमोर बाहुली धरायला सांगितली. मी मागं, लांब उभी राहिले. घंटी वाजवली. ती बाहुलीच बघत होती. दुसऱ्या बाजूनं वाजवली. काही नाही. शेवटी पातेल्यावर डाव आपटला. कोपऱ्यात झोपलेलं एक तान्हं दचकून रडायला लागलं. अन्वीनं मानसुद्धा हलवली नाही.

आता पुण्याला बेरा टेस्ट करायला हवी होती. मूल झोपलं की कानात आवाज सोडतात. तो मेंदूपर्यंत पोचतो का, हे डोक्याला चिकटवलेल्या तारांवरून मशीनवर दिसतं. आणि घाई होती. भाषा शिकायची वर्षं हीच. त्यातले चार महिने मी घालवले होते.

आमच्या वरिष्ठ साहेबांना फोन केला. ते म्हणाले, रेफर करा, आधीच्या नोंदीचा विषय काढू नका.

रोहिणीच्या घरात शब्द सासऱ्यांचा, आबांचा. दुसऱ्या दिवशी मी रोहिणीबरोबर वडगावला, तिच्या सासरी गेले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा मुलगाही चौथ्या वर्षी बोलला होता, आता कंपनीत सुपरवायझर आहे, असं सांगितलं. मग आत जाऊन कार्ड आणलं.

“हे तुमीच लिवलंय न्हवं?”

रोहिणी दाराशी उभी होती. साहेबांचं वाक्य माझ्या डोक्यात होतं.

“हो आबा. माझी चूक झाली. तुमची सून बरोबर आहे.”

आबांनी कार्ड खाली ठेवलं. मग सुनेला विचारलं, “कवा जायचं म्हणतीस?”

पुण्याला ते स्वतः आले. अन्वी झोपली. आवाज वाढवत नेला तरी स्क्रीनवरची रेघ बराच वेळ सपाटच होती. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. रोहिणी रडली नाही. कानाचं मशीन कधी मिळेल, एवढंच तिनं विचारलं.

अन्वीला दोन्ही कानांना मशीन बसून वर्ष झालं. स्पीच थेरपी चालू आहे. वीसेक शब्द बोलते. वयाच्या मानानं मागं आहे, आणि त्यातले चार महिने माझ्या नावावर आहेत.

आता आई शंका घेऊन आली की मी रेफर करते. पुष्कळ मुलं ठणठणीत निघतात. हेलपाटा झाला म्हणून घरचे माझ्यावर चिडतात. चिडू देत.