गिटारची घूं आणि प्रमोदची जागा

नीट झालेल्या प्रोग्रामचा किस्सा कोणाकडंच नसतो. टाळ्या पडल्या, जेवणं झाली, माणसं घरी गेली, संपलं. बिघडलेला प्रोग्राम मात्र पिच्छा सोडत नाही. आमच्या अमरावतीच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत असे इतके जमलेत, की गाडीत बसलो की गाणी राहतात बाजूला, हेच चालू होतं!

पार्टी माझी. गाते मी, भांडतेही मीच. कीबोर्डवर वसंतराव, साउंडवर शकीलभाई, गिटारवर प्रमोद. प्रमोदच्या पायाशी एक पेडल असतं, तंबाखूच्या डबीहून थोडं मोठं. पायानं दाबलं की गिटारचा आवाज बदलतो आणि अँपमधून, म्हणजे गिटारच्या स्पीकरच्या खोक्यातून, बाहेर येतो. मागच्या उन्हाळ्यात त्या पेडलनं आणि अँपनं मिळून आमचा जीव खाल्ला. कधी घूं, कधी कर्र.

वसंतराव म्हणाले, "ताई, गिटार काढा. ट्रॅक लावू. पेन ड्राइव्ह घूं नाही करत!"

प्रमोदच्या घरचं सगळं त्या गिटारवर चालतं. मी त्याच्या तोंडावर सांगितलं, "लग्नसराई संपेपर्यंत तू वाजव. तोवर हे घूं-कर्र नाही गेलं, तं मीच तुले घरी बसवीन."

*

अकोल्याला हळदीचा प्रोग्राम. मे महिना. पहिल्या गाण्यापासून घूं. प्रमोदनं वायर बदलली, पेडल काढून गिटार सरळ अँपला लावली, तरी घूं. शेवटी शकीलभाईला दिसलं, अँप आणि भलामोठा कूलर एकाच बोर्डावर. त्यानं कूलरचं बटन बंद केलं. घूं गायब!

तेवढ्यात नवरदेवाचे काका उठले. "कूलर कोनं बंद केला बे?"

मी म्हणाले, "काका, त्याच्यानं गाण्यात आवाज येते."

"येऊ दे! गाणं नसलं तरी हळद लागते. कूलर नसला तं नवरदेव चक्कर येऊन पडते!"

घूं घेऊनच गायलो. सामान उतरवताना वसंतराव प्रमोदला ऐकू जाईल असं बोलले, "आज तुयापेक्षा कूलर सुरात होता."

*

अंजनगाव सुर्जीकडं एका सरांचा निरोप समारंभ. समोर सगळी शेतकरी मंडळी. मी आईवरचं गाणं धरलं. त्यात एके ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात, मीही श्वास रोखते, बाया डोळ्याला पदर लावतात. नेमकं तिथंच अँपमधून एक बाप्या बोलायला लागला, "आज तुरीची आवक..."

लांब वायर रेडिओ पकडते म्हणे! प्रमोदच्या कपाळावर घाम. वसंतराव माझ्याकडं बघताहेत. प्रमोद वायर उपटायला वाकला, तर पहिल्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "ए पोट्ट्या! हात नको लावू! सोयाबीनचा भाव सांगू दे!"

सोयाबीनचं होईपर्यंत मी तोंड उघडं ठेवून उभी.

*

चांदूर रेल्वे गावाला हसण्यासारखं काही नव्हतं. भर दुपारचं लग्न. प्रमोद गिटार गळ्यात घालून माइकजवळ गेला आणि त्याच्या ओठाला असा करंट बसला, की मागं स्टेजवर आदळला. शकीलभाईनं गिटारच्या तारेला टेस्टर लावला, तर टेस्टरचा दिवा पेटला!

मेन बंद केला. अर्थिंगची सळी जमिनीत ठोकलेली होती खरी, पण उन्हानं काळी माती भेगाळलेली. सळी भेगेत नुसती उभी, मातीला कुठंच टेकेना, मग करंट जमिनीत उतरणार कसा? शकीलभाई ओरडला, "मीठ-पानी डालो, ताई!" आचारी मिठाला हात लावू देईना. वसंतराव खिशातून पेन ड्राइव्ह काढून उभे, "लावू का ट्रॅक?"

समोरून पंगतीकडं मठ्ठ्याची बादली चालली होती. खारा मठ्ठा! मी ती हिसकावली आणि सळीवर पालथी केली. मेन चालू केला. टेस्टर पेटला नाही. घूंसुद्धा गेली!

तिकडं पंगतीत आरडाओरडा, "मठ्ठा कुठं गेला?"

आचाऱ्यानं माझ्याकडं बोट केलं. "त्या बाईनं गिटारले पाजला!"

*

त्या दिवसापासून सळीला आधीच मीठ-पाणी आणि कूलर दुसऱ्या बोर्डावर. घूं गेली, कर्र मात्र जाईना. पेडल दाबलं की कर्र, आणि दर प्रोग्रामला जास्तच. सराईतलं शेवटचं लग्न अमरावतीतच होतं. वऱ्हाडी यायला लागले, प्रमोदनं पेडल दाबलं, कर्रर्र!

वसंतरावांनी जाऊन साउंडच्या मिक्सरला पेन ड्राइव्ह लावला. प्रमोदनं गिटार कव्हरमध्ये टाकली, चेन ओढली.

"येतो, ताई. तुमचा शब्द होता."

माझं डोकं फिरलं. पेडल त्याच्यासमोर आपटलं. "खोल हे!"

"खोललं आन् बिघडलं तं नवं नाही घेता येत मले."

"तसाही घरीच चालला ना तू? खोल म्हणते ना!"

त्यानं स्क्रू काढले. आत सगळं लाल. मला वाटलं जळालं. बोट लावलं तर बोट लाल.

कुंकू!

दर प्रोग्रामच्या आधी वसंतराव वाद्यांची पूजा करतात. अगरबत्ती, फूल आणि पाण्यात कालवलेलं कुंकू, अंगठा भरून. पेडलला लावायचे ते नेमकं बटनावर. पूजेला कोण नाही म्हणणार? अख्ख्या सराईचं कुंकू बटनाखालून आत उतरलेलं.

शकीलभाईनं ब्रशनं सगळं झाडलं, पुसलं. प्रमोदनं गिटार बाहेर काढली, पेडल दाबलं, तार छेडली. आवाज कसा, धुतल्यासारखा! मी मिक्सरचा पेन ड्राइव्ह उपटून वसंतरावांच्या हातात दिला.

"वसंतराव, तुमच्या कीबोर्डात काहून नाही गेलं हो कुंकू?"

ते शांतपणे म्हणाले, "त्यालेही लावतो ना, ताई. रोज लावतो. पण कव्हरवरून. आत गेलं तं खराब नाही होणार?"