पंख खुडायच्या आधी

आमच्या गिदान तुदूमध्ये नाकतोडे न खाणारं माणूस शोधून सापडणार नाही, आणि नाकतोड्यांना घाबरणारं माणूस एकच आहे. देलू. माझी सवत. गंमत म्हणजे अख्ख्या गावाचे नाकतोडे निवडून देते ती हीच.

बाजरीची कापणी लागली की पहाटेच्या गारठ्यात बायका शेतात जातात. ऊन यायच्या आधी नाकतोडा थंडीनं आखडलेला असतो, बोरं वेचावीत तसा वेचता येतो. दिवस वर येईपर्यंत भरलेल्या टोपल्या आमच्या अंगणात रांगेनं येऊन बसतात. मग देलू चटईवर बसते आणि एकेक नाकतोडा हातात घेऊन त्याचा पंख बोटानं उघडून बघते. मानेवर फुली, आतला पंख पिवळा, त्यावर काळा पट्टा, तो बाजरीच्या शेतातला. चांगला. निमुळत्या तोंडाचा, वाळक्या काडीसारखा, तो उंच गवतातला. तोही चांगला, पण खायला त्यात काही नाही, दातात अडकण्यापुरता. थोराड, पाठीवर फिकट रेघ, आतला पंख जांभळट तांबडा, तो झाडावर रात्र काढतो, आणि त्याच्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात.

आणि राखी पंखांवर बारीक पिवळे ठिपके, डोकं बोजड, हात पुढे केला तरी पळायची घाई नाही, तो रुईवरचा. रुईचा पाला खाऊन, रुईचा चीक अंगात मुरवून वाढलेला. तो टोपलीत निघाला की देलू त्याला काडीनं उचलते, लांब नेऊन चिरडते आणि राखेनं हात घासून येते.

"पळत नाही, तो का पळत नाही हे आधी स्वतःला विचारावं," असं ती येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

तीस वर्षं ती हे करते आहे आणि अजूनही पहिली टोपली समोर आली की तिची बोटं थरथरतात. मी नवी होते तेव्हा तिची थट्टा करायचे. "अक्का, नाकतोडा आहे तो, सिंह नाही."

"सिंह दिसतो तरी गं, हावा."

तिच्या मामाच्या घरी एका टोपलीपायी दोन मुलं एका दिवसात गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. टोपली देलूनं भरली होती. तेव्हा ती आठ वर्षांची होती. ते कळल्यावर मी थट्टा सोडली. बाकी भांडणं मात्र सोडली नाहीत, सवत ती सवतच.

आता बल्कीचं सांगते. बल्की म्हणजे देलूची थोरली मुलगी. आमच्यात आईनं पहिल्या लेकराचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. त्याला चारचौघांत जवळ घ्यायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, लाज असते ती. बाकीच्या बाया हे आपापल्या सोयीनं पाळतात, घरात कुणी नसलं की मुका घेऊन टाकतात. देलू कसली सोय बघणार! बल्की दूध सुटल्यापासून आजीच्या झोपडीत वाढली, दहा पावलांवर. देलूनं धाकट्या चौघांना नाकतोडे ओळखायला शिकवलं, माझ्या दोघी पोरींनाही शिकवलं, गावातल्या निम्म्या सुनांना शिकवलं. बल्कीला नाही. समोरासमोर बसून शिकवायचं, तर बोलावं लागलं असतं.

मग दोघींच्या मधे मी. मी या घरात आले तेव्हा बल्की दोन वर्षांची होती, तेव्हापासून मी त्यांची डाकपेटी. "हावा, तिला म्हणावं ऊन लागेल, डोक्यावरून घे." "मावशी, त्यांना सांग, मीठ संपलंय." दोघी एकाच अंगणात, मधे फक्त उखळ, आणि मी कांडता कांडता इकडचं तिकडे सांगतेय. सतरा वर्षं!

बल्कीचं लग्न तेसावा शहरात झालं. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. आजी तोवर वारली होती, म्हणून तिला माझ्याच खोलीत घेतलं. आठवा लागला तसे तिला डोहाळे लागले ते तळलेल्या नाकतोड्यांचे. तेसावात ती बाजारातून तयार विकत घ्यायची, तिखट लावलेले. इथं आईच निवडायची, तिथं बाजारवाले, स्वतः पंख उघडून बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

एका संध्याकाळी देलू माझ्याजवळ आली. "हावा, ती पहाटे जाणार म्हणते. तिला सांग, आपल्याच शेतात जा. बांधापलीकडच्या पडीक रानात रुई माजलीय, त्या बाजूला वळू नकोस म्हणावं. आणि मी बघितल्याशिवाय एकाचाही पंख खुडू नकोस म्हणावं. पंख गेले की सगळे सारखेच दिसतात."

त्या दिवशी सकाळीच तिनं माझ्या तुवोत, बाजरीच्या घट्ट उकडीत, गुठळ्या काढल्या होत्या, तेही शेजारणीदेखत. माझं डोकं तापलेलंच होतं. मी खोलीत गेले आणि बल्कीला म्हटलं, "तुझी आई म्हणतेय, आपल्याच शेतात जा." पुढचं मी बोलले नाही. विसरले असं म्हणायची सोय आहे, पण विसरले नव्हते. ज्याचा निरोप त्यानं द्यावा, असं मनात आलं आणि मी कूस बदलली. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी मी उठले तर तिची चटई रिकामी होती.

देलू त्या दिवशी पहाटेच खालच्या आळीत एकीचे नाकतोडे निवडायला गेली होती. बल्की परत आली, चुलीपाशी बसली, तिनं पंख आणि तंगड्या खुडून भिंतीशी ढीग केला, शेंगदाण्याच्या तेलात कांदा घालून परतले आणि ताटली मांडीवर घेऊन खायला बसली. मी विहिरीवरून आले तर घरभर खमंग वास. "ये ना मावशी," ती म्हणाली. पंखांचा ढीग मी बघितला, पण मी स्वतःला समजावलं, आपल्याच शेतातले असतील. मी खाल्ले नाहीत. नुकतीच न्याहारी झालीय म्हटलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, कारण मला भीती वाटली होती आणि मी तिचा हात धरला नाही.

देलू आली. तिनं आधी भिंतीकडं बघितलं. डोक्यावरची टोपली तिथंच सुटली.

"हावा, कोणी खुडले?"

"बल्कीनं."

"तू सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. जीभ कशी उचलली कोण जाणे.

तासाभरात बल्कीला ओकाऱ्या सुरू झाल्या. आधी आम्ही म्हटलं, पोटुशी आहे, तेलकट बाधलं असेल. मग ती भिंतीला धरून खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, सगळं पिवळं दिसतंय. तू पण पिवळी दिसतेस." तिचे ओठ राखेसारखे झाले होते. नाडी बघायला मी मनगट धरलं, तर ठोका लागेना. एक लागला, मग थांबला, मग माझा जीव वरखाली होईपर्यंत दुसरा लागलाच नाही. शेजाऱ्याची गाढवगाडी घेतली, तिला आडवं घातलं आणि दवाखाना गाठला. देलू गाडीमागून पळत होती. पायात काही नव्हतं.

दवाखान्यात इद्रिस एकटाच होता. तो डॉक्टर नाही, पण आमच्यासाठी तोच डॉक्टर. त्यानं तिच्या छातीला नळी लावली, पोटाला लावली, आणि त्याचा चेहरा बदलला.

"काय खाल्लंय?"

"नाकतोडे."

"कुठले? औषध फवारलेल्या शेतातले, की जात्याच विषारी? नीट सांगा. दोन्हींवर करायचं वेगळं आहे. अंदाजानं टोचलं तर उलट होईल, आणि इथं दोन जीव आहेत."

आठ दिवसांपूर्वी वेशीपलीकडच्या शेतांत फवारणीची गाडी येऊन गेली होती. देलू दाराबाहेरच उभी होती, उंबऱ्याच्या आत यायची नाही, आत तिची थोरली होती ना. तिथूनच ती म्हणाली, "रुईवरचा नसणार. तिला सांगितलं होतं रुईकडं जाऊ नको. फवाऱ्याचेच असतील, उडून आलेले."

इद्रिस कपाटाकडं वळला. त्यानं एक बाटली काढली.

ती बाटली मी अजून स्वप्नात बघते. बोलले तर या घरात मला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. नाही बोलले तर माझ्या खोटेपणावरून औषध ठरत होतं. "थांब!" मी ओरडले. "मी सांगितलं नव्हतं. रुईचं नाही सांगितलं, खुडायचंही नाही सांगितलं. नुसतं शेतात जा म्हटलं."

देलूनं माझ्याकडं बघितलं. मारली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि घराकडं पळत सुटली. मी तिच्यामागे.

ढिगावर कोंबड्या चढल्या होत्या. देलूनं त्यांना हाकललं, पंखांची ओंजळ चटईवर ओतली आणि गुडघ्यांवर बसली. पंख इतके हलके की माझ्या धापेनंही उडत होते. "तू श्वास रोखून धर," ती म्हणाली. पिवळे, काळ्या पट्ट्याचे, एकीकडे. जांभळे, एकीकडे. मग एक राखी पंख, त्यावर पिवळे ठिपके. तिनं तो नाकाशी धरला आणि डोळे मिटले. पुढं दुसरा, तिसरा. एकूण पाच मिळाले.

"वरचे पंख एकाला दोनच असतात. पाच म्हणजे किमान तीन होते." मग ती ताटलीत उरलेले तळलेले नाकतोडे एकेक करून हुंगू लागली. तेल, कांदा, तिखट, त्यातून तिला काय कळलं ते तीच जाणे. तिनं एक बाजूला काढला, जड डोक्याचा. "हा एक. दोन पोटात आहेत."

आम्ही परत पळालो. दाराबाहेरूनच तिनं ओरडून सांगितलं, "रुईवरचे! दोन, नाहीतर तीन. फवाऱ्याचे नाहीत!" इद्रिसनं पहिली बाटली ठेवून दिली. तो काय काय करत होता ते मला कळलं नाही. नळ्या होत्या, काळं पाणी होतं, सुई होती. "झोपू देऊ नका," तो म्हणाला. "डोळे मिटले की ठोका आणखी मंद होतोय. बोलत राहा, हाका मारा."

मी हाका मारल्या. गालावर थापट्या मारल्या. बल्कीचे डोळे वर गेले. बाहेर तपासणीला आलेल्या बायका दारात गोळा झाल्या होत्या, त्यांच्यात देलू, खांबाला धरून.

"अक्का, माझं ऐकत नाही ती!" मी रडत म्हणाले. "माझं काही खरं नाही गं आता!"

देलू आत आली. सगळ्यांदेखत खाटेवर बसली, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

"बल्की."

दारातल्या एकीनं तोंडावर हात ठेवला. देलूचा आवाज घोगरा होता, जणू तो शब्द कधी वापरातच नव्हता. मग ती ओरडायला लागली. "बल्की! बल्की गं! ऊठ, बल्की!" मी बल्कीचे पाय धरून बसले होते आणि मोजत होते, का ते माहीत नाही. ती पंख मोजते तसं मी मोजत होते. बत्तिसाव्या हाकेला इद्रिस म्हणाला, "ठोका सुधारतोय." तरी ती थांबली नाही. बाळ हललं तेव्हा मला वाटतं पन्नास झाल्या असतील, पण तेव्हा मी मोजत नव्हते, रडत होते.

चार दिवसांनी तिला घरी आणलं. देलू पुन्हा पूर्वीसारखी. "हावा, तिला दूध दे." माझ्याशी तेवढंच बोलायची, डोळ्याला डोळा न देता. मी मागितलेली माफी तिनं ऐकून घेतली आणि चूल फुंकायला गेली. बाळ अजून पोटात आहे, महिना आहे. रोज सकाळी मी आधी बल्कीच्या पोटावर हात ठेवते आणि ते हलेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.

काल दुपारी बल्की कुडाला टेकून बसली होती. पलीकडे देलू कुणाची तरी टोपली निवडत होती. बल्की हळूच म्हणाली, "मावशी, दवाखान्यातल्या बायका काहीतरी सांगत होत्या. " तिनं कुडाकडं मान केली. "त्यांनी माझं नाव घेतलं म्हणे. मला काहीच आठवत नाही. तू होतीस ना? खरं का?"

कुडापलीकडच्या टोपलीतली सळसळ थांबली.

"खरं," मी म्हणाले. "पन्नासाहून जास्त वेळा."

"कसं घेतलं?"

मी तिला सगळं सांगितलं. घोगरा आवाज, मांडीवरचं डोकं, 'ऊठ' कुठं म्हटलं आणि 'गं' कुठं लावलं ते. मग तशीच हाक मारून दाखवली, मोठ्यानं, पलीकडे ऐकू जाईल अशी. या वेळी निरोपातला एक शब्दही मी गाळला नाही.