लाल गाडीखालचं लोहचुंबक

वाइंडिंगवाल्याकडे लोक जळक्या मोटारी टाकून जातात आणि खुशाल विसरतात. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप. तसंच कुणीतरी एक खोकं टाकून गेलं. त्यात वळणावळणाचा काळा ट्रॅक होता, ट्रॅकमध्ये खाचा, तीन बोटभर गाड्या आणि प्रत्येक गाडीचा वायर लावलेला खटका. खटका दाबला की खाचेजवळच्या लोखंडी पट्ट्यांतून गाडीला वीज मिळायची. जोरात दाबून ठेवला की गाडी वळणावर उडून थेट पलंगाखाली. दोन वर्षं मालक फिरकला नाही, तेव्हा वाइंडिंगवाल्यानं खोकं घरी नेलं. "चालतंय का बघतो," म्हणाला.

ते बघणं चार वर्षं चाललं. जेवायचं टेबल ट्रॅकनं बळकावलं आणि घरची माणसं मांडीवर ताटं घेऊन पलंगावर जेवू लागली. पाहुण्यांनी नाद सोडला, कारण बसायला जागा नाही आणि बोलायला कुणाला सवड नाही. त्याआधी या घरात तीन माणसं तीन कोपऱ्यांत असायची. बायको पोस्टाच्या खिडकीवर दिवसभर लोकांची कटकट ऐकून यायची आणि घरी तोंड उघडायची नाही. लेक कॉलेजात, म्हणजे मोबाइलात. आता तीच बायको लाल गाडी घेऊन "सरका, सरका, मी आले!" असं ओरडायची, की शेजारी भिंतीवर थापा मारायचे. वाइंडिंगवाल्याला ते ऐकून बरं वाटायचं. हरल्याचं दुःख त्याला कधी झालंच नाही.

खोली अरुंद. बायकोची जागा कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात. तिथं उजवा हात कपाटाला अडायचा, म्हणून खटका ती डाव्या हातात धरायची. बाकी तिचं सगळं उजव्या हाताचं, शिक्के, पेन, सुरी. डाव्याला कसब लागेल असं काम दुसरं नव्हतंच.

मग तिची गाडी उडायला लागली. आधी एखाद्या वळणावर, मग जवळजवळ प्रत्येक वळणावर. खटका सोडायला बोट उशीर करत होतं, हे त्यानं पाहिलं होतं. वय झालं, थकते बिचारी, असं त्याला वाटलं. एका रविवारी ती तोंड पाडून म्हणाली, "तुम्ही दोघंच खेळा. मी बसते आपली." ही उठली की लेक उठणार, आणि पुन्हा तीन कोपरे. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या एका मोडक्या मोटारीतलं चुंबक त्यानं कापलं, घासलं आणि गुपचूप लाल गाडीच्या पोटाला चिकटवलं. चुंबक लोखंडी पट्ट्यांना धरून राही, त्यामुळे खटका कितीही दाबा, गाडी उडेना. बायको पुन्हा जिंकायला लागली. "आहे की नाही अजून हात?" असं मिरवायची. त्याला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं, आणि त्यातच आठ महिने गेले.

एका सकाळी तिला वेणी घालता येईना. डाव्या हातात पेडच धरवेना. दोघं डॉक्टरकडे गेले.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले असतील पंधरा दिवस," ती म्हणाली.

"आठ महिने," वाइंडिंगवाला म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकं नेमकं कसं माहीत, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. तपासण्यांत मानेत गाठ निघाली. काढता येणार होती, जिवाला धोका नव्हता. पण गाठीनं दाबून दाबून हाताकडे जाणारी शीर निकामी झाली होती, हात परत येणार नव्हता. "सुरुवातीला आला असतात तर वाचला असता," डॉक्टर म्हणाले. ते रागावले असते तरी त्याला चाललं असतं.

घरी आल्यावर तिनं लाल गाडी उलटी केली आणि चुंबक नखानं उकरू लागली. डाव्या हातात गाडी ठरेना. शेवटी तिनं ती त्याच्यापुढे धरली. "काढा."

त्यानं काढलं. ती बेचक्यात जाऊन उभी राहिली. लेकीनं खटका तिच्या डाव्या मुठीत बसवून दिला. "आई, उजव्यात धर ना गं. कपाट सरकवते मी."

"नको. वीस फेऱ्या. चला."

पहिल्याच वळणावर लाल गाडी उडाली. ती गेली, उचलून आणली, खाचेत ठेवली. पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा ती वाकली, तेव्हा वाइंडिंगवाल्यानं आपली गाडी थांबवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"थांबलात का?" ती म्हणाली. "मी जिंकतेय म्हणून आठ महिने नाचले मी. हसं करून घेतलं. आता तरी खरं खेळा माझ्याशी."

"चुकलो गं मी."

"चुकलात. चालवा गाडी."

त्यानं खटका दाबला. त्याच्या वीस फेऱ्या झाल्या, तेव्हा तिची दुसरी चालू होती. तिच्या वीसही पुऱ्या होईपर्यंत बापलेक जागचे हलले नाहीत.