पोवळ्यांवर शेडनेट

मॅडमनी दिलेल्या माशांच्या टाकीचा दिवा गेला. घरातला दिवा गेला तर माणूस मेणबत्ती लावतो. या टाकीला मेणबत्ती चालणार नव्हती.

मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम. बावड्याच्या शिवारातून आलेला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा मी पदवीपर्यंत पोहोचलो तो त्यांच्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी पदवी कुणी पाहिली नव्हती. पुढे त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली, तीही त्यांनी अर्ज भरायला लावला म्हणून. निवृत्त होऊन त्या मुलाकडे बेंगळुरूला निघाल्या, तेव्हा त्यांनी आपली खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या बारामतीच्या दोन खोल्यांत आणून ठेवली. आत दोन नारिंगी मासे आणि दगडांवर वाढणारी जिवंत प्रवाळं. "जमत नसेल तर मोकळेपणानं सांग," त्या म्हणाल्या, "पुण्यात माझी मैत्रीण न्यायला तयार आहे." जमत नाही हे वाक्य मी मॅडमसमोर आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

वडिलांना, म्हणजे आबांना, ही टाकी पहिल्यापासून पटली नव्हती. ते बाजारच्या दिवशी ढोबळी मिरची घेऊन बारामतीला येत आणि दुपारी माझ्याकडे जेवत. मला बादलीत मीठ कालवताना पाहून त्यांचा घास हातातच राहिला.

"आरं, हितं लोकांची जमीन खारवट झाली म्हणून चर खांदत्यात, आन तू चांगल्या पाण्यात मीठ घालतुयास?"

"आबा, समुद्रातले जीव आहेत ते."

"आन ह्यो दगूड?"

"ते पोवळं आहे. जिवंत आहे."

"पोवळं? अंगठीतलं? मग इकून टाक की."

मी त्यांना समजावून सांगितलं, की प्रवाळाच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं प्रवाळाला देतं. आबा म्हणाले, "म्हंजी खंडानं दिलेलं रान, पिकातलं मालकाला द्यायचं," आणि पुढची भाकरी मोडली. मॅडमनी हाच धडा आम्हाला दोन तास शिकवला होता.

तर उजेड म्हणजे जेवण, आणि दिवा गेलेला. तसाच कंपनीचा नवा दिवा मागवावा म्हणून भाव पाहिला. तेवढ्या पैशांत आमच्या एकराचं ठिबक बसलं असतं. म्हणून मी स्वस्तातला शोधायला निघालो.

पहिला धावून आला चुलतभाऊ. त्याची ड्रॅगन फ्रूटची बाग आहे, आणि हंगाम नसतानाही फुलं यावीत म्हणून तो बागेत बल्ब लावतो. "आमच्या निवडुंगाला ह्या बल्बानं फुलं येत्यात," तो म्हणाला, "तुझ्या दगडाला पालवी फुटंल." त्यानं दोन बल्ब दिले. पिवळ्या उजेडात ती टाकी भजीच्या गाड्यासारखी दिसू लागली. पाचव्या दिवशी पालवी फुटलीही, पण ती काचेवर. तपकिरी शेवाळाची. प्रवाळं मिटून बसली.

समुद्रात खोलवर निळा उजेड पोहोचतो, हे मला पाठ होतं. म्हणून मी मांडववाल्याकडे गेलो. त्यानं लग्नाच्या स्टेजवर लावतात तो निळा दिवा दिला. "नवरी उठून दिसती ह्यात," त्यानं खात्री दिली. दिवा निळा होता खरा, पण आवाज ऐकला की रंग बदलणारा होता, आणि ते बंद करायचं बटण तुटलेलं होतं. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली की समुद्र लाल व्हायचा, दुसऱ्या शिट्टीला हिरवा. मासे दगडामागे लपले. काकू दारात येऊन म्हणाल्या, "वरात कुणाची हो?"

त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. दीड महिन्यानं कॉलेजच्या कार्यक्रमाला त्या येणार होत्या. "टाकी बघायला घरी येते हं. प्रवाळं कशी आहेत?"

"छान आहेत, मॅडम," मी म्हणालो. तेवढ्यात टाकी लाल झाली.

शेवटी बाजारपेठेतला एक एलईडी दुरुस्त करणारा भेटला. मी कागदावर लिहून नेलं होतं, निळे किती, पांढरे किती. त्यानं ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ते दिवे ओळीनं बसवले, मागं पंखा लावला, आणि कंपनीच्या दिव्याच्या पाव किमतीत काम झालं. घरी येऊन लावला तर टाकी पहिल्यासारखी उजळली. मला इतका आनंद झाला, की दोन आठवडे उपाशी राहिलेल्या जिवांची भूक एकदम भागवावी म्हणून मी तो दिवा पहिल्याच दिवसापासून पूर्ण ताकदीनं, सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवला.

चौथ्या दिवशी प्रवाळं पांढरी पडू लागली.

तो बाजारचा दिवस होता. आबा आले, चप्पल काढली, टाकीकडं पाहिलं आणि न बसताच म्हणाले, "करपलं की हे."

"आबा, दिवा चांगला आहे."

"दिव्याला कोण नावं ठेवतंय? नर्सरीतलं रोप आणलं की तू ते डायरेक्ट उन्हात लावतुस का? कोवळं असतंय ते. आधी सावली, मग उनाची सवय. शेतकऱ्याचा पोरगा ना तू?"

"व्हय," मी म्हणालो.

ते खाली गेले आणि टेम्पोतून शेडनेटचा तुकडा घेऊन आले, मिरचीवर ताणतात तोच. धुऊन, चौघडी करून टाकीवर अंथरला. दिवा सुतळीनं पडद्याच्या दांडीला बांधून हातभर वर घेतला. "आठवड्याला एक घडी काढायची. आन तास कमी कर. दिसभर जेवतंय का कुणी?"

मी आठवड्याला एक घडी काढत गेलो. कोपऱ्यातलं एक प्रवाळ गेलंच. बाकीच्यांना आधी तपकिरी छटा आली, मग हळूहळू कडेनं हिरवं दिसू लागलं.

मॅडम आल्या तेव्हा नेटची शेवटची घडी टाकीवर होती. सुतळी, दांडी, मिरचीची जाळी, सगळं त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. पुण्याच्या मैत्रिणीचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये असणार, हे मला आठवत होतं. मी बल्बापासून वरातीपर्यंत सगळं सांगून टाकलं, मेलेलं प्रवाळही दाखवलं.

"आणि ही जाळी कुणाची कल्पना?"

आबा दारात मिरचीची पिशवी घेऊन उभे होते. "कल्पना कसली, बाई. रोपाला लागतीच की."

मॅडम त्यांच्याकडं वळल्या आणि त्यांनी अगदी विद्यार्थिनीसारखं विचारलं, "ही शेवटची घडी कधी काढायची?"

"अजून आठ दिसांनी. ढगाळ दिवस बघून."

"इथे दिवा आहे, आबा," मी म्हणालो. "ढगाळ कसं असेल?"

"मग तूच बघ," आबा म्हणाले, "शिकलेला हायस."

मॅडम हसल्या आणि त्यांनी पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिलं. "आठ दिवस. लिहून घे." मी लिहून घेतलं. पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही. जाताना मिरचीची पिशवी मात्र त्या घेऊन गेल्या.