देवासच्या मॉलमध्ये अष्टपुत्री मिळत नाही

नाशिकहून निघताना ताईचा फोन आला, "अष्टपुत्री तिकडून आणू नकोस. बंडूकाकांकडूनच घे." धारला तिच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न होतं. मामाने नवरीला द्यायची पिवळी सुती नऊवारी, म्हणजे अष्टपुत्री, आमच्याकडे तीन पिढ्या देवासच्या, काकांच्याच दुकानातून येत आली. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली आणि काका मॉलमध्ये नोकरीला लागले, हे ताईला ठाऊक होतं. पण दुकान गेलं तरी काका आहेत ना, असं तिचं म्हणणं.

इंदूरहून बसने देवासला पोचायला साडेअकरा वाजले. पूर्वी गावात शिरताना आधी देवीची टेकडी दिसायची, आता मॉलची काच दिसते. तो नवा होता तेव्हा पीपलरावां, कन्नौदकडचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सरकता जिना बघायला यायचे, असं काकाच सांगत. आता जिना बंद होता आणि लोक त्यावरून पायांनी चढत होते. वरच्या निम्म्या गाळ्यांची शटरं खाली, उरलेल्यांत कोचिंग क्लास. तळमजल्यावरचं कपड्यांचं मोठं स्टोअर तेवढं चालू होतं. चालू म्हणजे दिवे लागलेले होते.

साड्यांपाशी काका उभे होते. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, अंगात लाल टी-शर्ट, छातीवर नावाची पट्टी. जन्मभर गादीवर मांडी घालून साड्या उलगडल्या, आणि इथे दिवसभर बसायला बंदी. मला फार वाईट वाटलं. ते लपवायला मी नको तितक्या मोठ्याने बोलू लागलो.

"काका, अष्टपुत्री काढा."

"ती इथे नाही रे भिया," काका म्हणाले. (भिया म्हणजे भैया, इकडे पुतण्यालाही म्हणतात.) "शिवलेली नऊवारी आहे, चेन लावलेली. ती गौरीहराला कशी चालेल? तू असं कर, जुन्या बाजारात लखनलालकडे जा. माझं नाव सांग."

लखनलालचं दुकान काकांच्या जुन्या दुकानासमोरच होतं, तीस वर्षांची चुरस. पण त्या बाजाराची रीत होती. आपल्याकडे माल नसेल तर गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं दुकान दाखवायचं, रिकाम्या हाताने परत धाडायचं नाही. मी गप निघायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, "मला सापडणार नाही, पत्ता लिहून द्या."

काकांनी साडीच्या लेबलामागे पत्ता लिहिला. सुपरवायझर मागेच उभा होता.

"अंकल, फिर से? कस्टमर को बाहर भेज रहे हो?"

"अपने पास है नहीं, तो रस्ता बता दिया," काका शांतपणे म्हणाले.

"ये मेरे काका हैं," मी मध्ये तोंड घातलं. आगीत तेल.

"कल हेड ऑफिस से लोग आ रहे हैं," तो काकांना म्हणाला. त्याचाही चेहरा उतरलेला होता. "ये स्टोअर रहेगा कि नहीं, वही पता नहीं. और आप रिश्तेदारों को भी बाहर भेज रहे हो." काकांनी मला डोळ्यांनीच जा म्हटलं, आणि मी गेलो.

लखनलालकडे दोनच अष्टपुत्र्या उरल्या होत्या. "बंडू भिया ने भेजा?" त्यांनी विचारलं. "पहले वो मेरे यहाँ भेजते थे, मैं उनके यहाँ. अब मैं किसके यहाँ भेजूँ?"

तासाभराने परतलो तर काका मॉलच्या पायरीवर बसले होते. अंगात स्वतःचा सदरा. टी-शर्ट आणि नावाची पट्टी जमा करून घेतली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "साडी दाखव." तिथेच मांडीवर उलगडून त्यांनी काठ चोळून पाहिला, हाताने लांबी मोजली. "पुरती नऊवार आहे. रंगही पक्का." मग घडी होती तशी घातली. "धारला काही बोलू नकोस. लग्नघर आहे."

धारच्या लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो. पंगतीत दाल-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले) होते. भाची पिवळ्या अष्टपुत्रीत वाढायला आली. "काकाआजोबा, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तुमच्या मॉलला येणार. डिस्काउंट द्यायचं हं."

"ये ना," काका म्हणाले, आणि तिचा वाढता हात माझ्या पानाकडे वळवला. "याला वाढ, याने काहीच खाल्लं नाही." त्यांची नोकरी माझ्या एका वाक्याने गेली होती.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी नाशिकच्या मॉलमध्ये सुती पंचे घ्यायला गेलो. "नाहीत, सर," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या असतील, उभ्याच होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जरा पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण भद्रकालीच्या बाजारात एक..."

"नको, राहू द्या," मी म्हणालो आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेर पडलो.